आठ बटणांचा डाव

थाप मारायला पैसा लागत नाही, तोंड लागतं. आणि किल्लीवाल्याचं तोंड त्या कामासाठीच घडवलेलं होतं. हातात दुर्री आणि सत्ती असली तरी भुवई हलायची नाही. मिशी तर अशी स्थिर, की समोरच्याला वाटावं, याच्या हातात दोन एक्के आहेत आणि तिसरा चपलेत.

तर हा किल्लीवाला, त्याचा जुना दोस्त शिंपीमास्तर आणि मास्तरची बायको, अशी तिघं दर गुरुवारी दुपारी पोकर खेळायची. गुरुवारी बाजार बंद. मास्तरच्या दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलेलं, कापड बेतायच्या मोठ्या टेबलावरून कातर, खडू, टेप सगळं बाजूला सारलेलं, आणि मधोमध बटणांचा डबा. पैसे लावायचे नाहीत हा मास्तरच्या बायकोचा, म्हणजे वहिनींचा कायदा. बटणं लावायची. खेळ तसा सोपा. प्रत्येकाच्या हातात दोन पानं. मग टेबलावर सगळ्यांसाठी पाच पानं उघडायची, आधी तीन, मग एक, मग आणखी एक. हातातली आणि टेबलावरची मिळून ज्याची पाच पानं भारी, बटणं त्याची. पानं उघडत जातील तशी बटणं लावत जायची. ज्याला झेपत नाही त्यानं पानं टाकावीत आणि गप बसावं.

आणि तिथंच किल्लीवाल्याचं फावायचं. तेव्हा मर्यादा कसलीच नव्हती. हा डब्यात हात घालायचा, मूठभर बटणं टेबलावर सारायचा आणि थंडपणे वहिनींकडे बघत बसायचा. वहिनींच्या हातात राजा-राणी असली तरी त्यांचा धीर सुटायचा. "नको बाई," म्हणायच्या आणि पानं टाकून द्यायच्या. मग हा आपली पानं उलटून दाखवायचा. पंजी आणि तिर्री.

एकदा वहिनींच्या डोक्यात तिडीक गेली. त्यांनी डबा उचलून कपाटात ठेवला आणि कपाटाला कुलूप घातलं.

"भावोजी, आता उघडून दाखवा."

"वहिनी, तीन लिव्हरचं कुलूप आहे ते. जवळ जाऊन शिंकलं तरी उघडेल."

"मग शिंका. पण मी खेळायला बसणार नाही."

खेळ बंद पडला आणि तसाच बंद राहिला असता. पण मग सिस्टर आल्या.

सिस्टर म्हणजे हॉस्पिटलातल्या. रिटायर होऊन बसल्या होत्या, तरी अख्खी गल्ली अजून सिस्टरच म्हणायची. लग्न केलं नव्हतं. वरच्या मजल्यावर एका खोलीत राहायच्या आणि चालताना अशा चालायच्या, की वाटावं मागं कुणीतरी स्ट्रेचर ढकलत येतंय. एके दिवशी वाऱ्यानं त्यांचं दार लागलं. त्या बाहेर, किल्ली आत. किल्लीवाल्याला बोलावणं गेलं. त्यानं दाराच्या फटीत पत्र्याची पट्टी सारली, मनगट जरा वळवलं आणि दार उघडलं. त्याला वाटलं, बाई खूश होतील.

"इतक्यात उघडलं?" सिस्टरांनी विचारलं.

"हो."

"म्हणजे इतके दिवस मी उघड्या दारात झोपत होते."

दुसऱ्या दिवशी तो चांगलं कुलूप घेऊन गेला. सिस्टर शेजारी उभ्या राहून प्रत्येक स्क्रू बघत होत्या. गप्प राहणं जड व्हायला लागलं म्हणून त्यानं बंद पडलेल्या खेळाचं रडगाणं लावलं.

"पोकर?" सिस्टर म्हणाल्या. "आम्ही ड्यूटीवर खेळायचो. बँडेजच्या पिना लावून."

गुरुवारी त्या दुकानात हजर. बाह्या दुमडल्या, इंजेक्शन द्यायला आल्यासारख्या, आणि आधी सगळं ऐकून घेतलं. मग वहिनींकडून कपाट उघडवलं आणि डबा टेबलावर ठेवला.

"असं नाही खेळायचं," त्या म्हणाल्या. "प्रत्येकी वीस बटणं. ती संपली की संपली, परत डब्यात हात घालायचा नाही. आणि एका डावात कुणीही आठच्या वर लावायची नाहीत. आठ झाली की लावणं बंद. राहिलेली पानं उघडायची आणि बघायचं कोण जिंकलं ते."

"यात मजा काय?" किल्लीवाल्यानं विचारलं.

"ज्याची बटणं आधी संपतील त्यानं चहा करायचा. ही मजा."

त्या गुरुवारी चहा किल्लीवाल्यानं केला. पुढच्या गुरुवारीही त्यानंच. घाबरवणार तरी कशानं? आठ बटणांनी? वहिनी आता मांडी ठोकून निवांत बसायच्या. हा डोळे रोखून आठही सारायचा, आणि त्या म्हणायच्या, "दाखवा भावोजी, काय आहे ते." काय असणार? पंजी आणि तिर्री. चहा मात्र तो बरा करायला शिकला.

सिस्टरांनाच त्याची दया आली म्हणा. भाजी आणायला निघाल्या की त्याच्या दुकानाशी थांबायला लागल्या. दुकान कसलं, जिन्याखालची खाच ती. एक किल्ल्या कापायचं मशीन, भिंतीवर कोऱ्या किल्ल्यांच्या माळा, एक स्टूल. त्या स्टुलावर पिशवी मांडीवर घेऊन बसायच्या आणि त्याला शिकवायच्या.

"बदामची पंजी-छक्की घेऊन तुम्ही डावात बसता. का?"

"ओळीत पाच लागली तर मोठा हात होतो ना."

"लागली तर. कितीदा लागतात?"

"लागतात कधीमधी."

"मोठ्या खेळात कधीमधी चालतं. एकदा लागली की समोरच्याचं घरदार तुमचं. इथं लागली तरी आठच बटणं मिळणार. तेवढ्यासाठी सारखं आशेवर बसणं परवडत नाही, किल्लीवाले. बारकी पानं, बारकी जोडी, सोडून द्यायची. एक्का-राजा आला, मोठी जोडी आली, की लगेच आत. हातात थोडीच बटणं असली की पहिल्या दोन पानांतच ठरवायचं. पुढचं पुढं बघू म्हणणाऱ्याची बटणं पुढं जाईस्तोवर संपतात."

"आणि पळायचं कधी?"

"सुरुवातीलाच. एकदा निम्म्याच्या वर टाकली की पळणं नाही. सात टाकून आठव्याला जो पानं टाकतो, तो एक तर झोपलाय नाही तर खोटं बोलतोय."

किल्लीवाला मान डोलवायचा. मशीन बंद ठेवायचा, म्हणजे ऐकू यावं. एक-दोन गिऱ्हाइकं "जरा थांबा" ऐकून निघूनही गेली. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि इतक्या वर्षांत त्याला कुणी रागावलं नव्हतं. सिस्टर रागवायच्या. मग उठताना म्हणायच्या, "नखांतला पितळेचा भुगा काढत जा, डोळ्यात जाईल." तो ब्रश घेऊन नखं घासायला लागला. हरायचंही त्याला काही वाटेना. सिस्टर स्वतः डाव हरल्या की पानं ठेवून शांतपणे म्हणायच्या, "गेला," पेशंट गेल्यासारखं, आणि लगेच पुढचा डाव मागायच्या. तो "गेला" ऐकायला किल्लीवाल्याला गुरुवार उजाडेस्तोवर दम निघायचा नाही. आता याला काय म्हणतात ते तुम्हाला कळतं, मास्तरला कळत होतं, वहिनींना तर सगळ्यांच्या आधी कळलं होतं.

आणि मग एका गुरुवारी, पानं वाटता वाटता, सिस्टर म्हणाल्या, "ताईच्या मुलानं घर बांधलंय. खाली एक खोली माझ्यासाठी काढलीय. बाथरूम चिकटून. भिंतीला धरायला दांड्या लावल्यात. ताई म्हणते, आता एकटी राहू नकोस, ये. पुढच्या गुरुवारी संध्याकाळी फोन करणार आहे, हो की नाही ते सांगायचंय."

"किती लांब?" वहिनींनी विचारलं.

"गाडीनं अख्खा दिवस."

किल्लीवाल्याच्या हातातली दोन पानं चांगली होती बहुतेक. त्यानं ती न बघताच टाकली.

तो आठवडा त्याचा कसा गेला विचारू नका. एका बाईला फाटकाची किल्ली कापून द्यायची तर कपाटाची कापून दिली. शेवटी मास्तरपाशी जाऊन बसला.

"सांगून टाक ना लेका," मास्तर शिलाई न थांबवता म्हणाला.

"काय सांगू?"

"जाऊ नका म्हण. माझ्याकडे या म्हण."

"तोंडातून निघत नाही."

"कुलपांशी बरा दिवसभर बोलतोस."

"कुलूप उलटून विचारत नाही."

मास्तरनं मशीन थांबवलं. दातातली सुई काढून कॉलरला टोचली. "मग असं कर. गुरुवारी त्यांना जिंकू दे. माणूस खुशीत असला ना, की त्याला कुठं जावंसं वाटत नाही. मी लग्नाआधी हिच्याशी कॅरम खेळायचो. सगळे डाव हरलो. मुद्दाम. बघ, आहे की नाही अजून टिकून?"

किल्लीवाल्याला ते पटलं. बुडत्याला काय, मास्तरचा सल्लाही पटतो.

गुरुवार आला. किल्लीवाला धुतलेला शर्ट घालून, मिशी कातरून, हरायची पूर्ण तयारी करून बसला. आणि पानांनी त्याचा सूड घेतला. जन्मात कधी आली नाहीत अशी पानं यायला लागली. एक्क्यांची जोडी आली, ती त्यानं मास्तर आणि वहिनींवर घालवली, कारण सिस्टर आधीच बाहेर. राणीची जोडी आली, सिस्टर परत बाहेर. हरायचं म्हटलं तरी समोर कुणी असावं लागतं ना. संध्याकाळ जवळ येत होती. सिस्टरांचा फोन टेबलाच्या कडेला पालथा ठेवलेला होता आणि त्याची नजर पानांवर कमी, फोनवर जास्त.

मग तो डाव आला. प्रत्येकानं एकेक बटण टाकलं, वहिनींनी पानं वाटली. किल्लीवाल्यानं कोपरा उचलून बघितलं. राजा. दुसरा कोपरा. राजा. सिस्टरांनी बटणं तीनवर नेली. यानं, सवयीनं म्हणा, पाचवर. मास्तर बाहेर, वहिनी बाहेर. सिस्टरांनी पाच पुरी केली. पहिली तीन पानं उघडली, त्यात इस्पिकचा राजा. तीन राजे झाले. सिस्टरांनी सात केली, यानंही सात. चौथं पान उघडलं, चौकटचा एक्का. सिस्टरांनी शेवटचं, आठवं बटण अलगद पुढं सरकवलं आणि त्याच्याकडे बघितलं.

त्यांच्या डोळ्यांत खेळाची चमक होती. किल्लीवाल्याला ती दिसली. त्याला वाटलं, हाच क्षण. आत्ता या खूश आहेत, अशाच राहू देत. त्यानं दोन्ही राजे पालथे केले आणि टाकून दिले.

"गेलो मी," तो म्हणाला. "तुमचं."

सिस्टरांनी बटणांना हात लावला नाही.

"किल्लीवाले, तुम्ही किती टाकली होती?"

"सात."

"टाकायचं किती राहिलं होतं?"

त्यानं टेबलावरच्या आपल्या सात बटणांकडे बघितलं. "एक."

"असू दे हो सिस्टर," मास्तर मध्ये पडला, "चुकतं माणसाचं."

"मास्तर, तुम्ही थांबा. समोर किती आहेत, ते यांना मोजू दे."

त्यानं मोजली. मोजायची गरज नव्हती. "सतरा."

"सतरा समोर असताना एक टाकवलं नाही तुम्हाला."

"पानं वाईट होती."

"वाईट पानांवर पाचपर्यंत तुम्हीच नेली होती."

किल्लीवाल्याची मिशी, जी आजवर भल्याभल्यांपुढं हलली नव्हती, ती थरथरली. सिस्टर चिडल्या नव्हत्या, हेच वाईट होतं. चिडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"वॉर्डात नातेवाईक यायचे," त्या म्हणाल्या. "उशाशी बसून पेशंटला म्हणायचे, आज तोंडावर कशी टवटवी आलीय. आणि पेशंट माझ्याकडे बघायचा. त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे. त्याला कळायचं, आता आपल्याशी कुणी खरं खेळत नाही, आता नुसतं गोड बोलायचं उरलंय." त्यांनी बाही खाली ओढली. "मी अजून तीन जिने चढते. ताईनं भिंतीला दांड्या लावल्यात. चांगल्या मनानंच लावल्यात. तिथं सगळे मला जिंकूच देणार आहेत, पत्त्यात, बोलण्यात, सगळ्यात. मी नाही म्हणणार होते आज. म्हटलं, आपलं एक टेबल आहे, तिथं आपल्याला कुणी सोडत नाही." जरा थांबल्या. "इथंही तेच असेल, तर मग तिथं काय वाईट? तिथं बाथरूम तरी चिकटून आहे."

आणि त्यांनी सतरा बटणं आपल्याकडे ओढली, नियमाप्रमाणं. "वाटा, मास्तर."

किल्लीवाल्याला आता कळलं. आयुष्यभर लोकांची लागलेली दारं उघडून दिली, आणि आज स्वतःच्या हातानं दार ओढून घेतलं, किल्ली आत ठेवून. त्या नाही म्हणणार होत्या. काही करायची गरजच नव्हती. काही न करता, गाढवासारखं नुसतं खेळला असता तरी पुरलं असतं. त्यानं मास्तरकडे बघितलं. मास्तर पानं पिसण्यात असा गुंगला होता, की जणू पहिल्यांदाच पिसतोय.

मग त्याला एकच गोष्ट सुचली. आता या बाईला हरवायचं. अगदी जीव लावून हरवायचं.

आणि तो खेळला. जिन्याखाली स्टुलावर बसून सिस्टरांनी जे शिकवलं ते सगळं काढलं. बारकी जोडी आली, टाकली. बदामची पंजी-छक्की आली, जुनी प्रेमाची पानं, तीही टाकली. एक्का-राजा आला, पहिल्याच फटक्यात आठ. सिस्टरांनी आठ लावली, त्या हरल्या. "गेला," त्या म्हणाल्या, पण आवाज अजून कोरडा. पुन्हा दश्शीची जोडी, पुन्हा आठ, आणि यावेळी हा हरला. त्यानं हूं का चूं केलं नाही, बटणं पुढं सारली. त्याच्याकडं बघून सिस्टर खुर्चीत जरा पुढं सरकल्या. पुढच्या डावात त्यांनी त्याला मस्त फसवलं, त्याच्या पुढच्यात त्यानं त्यांना. वहिनी आणि मास्तर एकेक-दोनदोन बटणं घालून नुसते बघत होते. तिकीट काढून खेळ बघायला बसल्यासारखे.

ऊन टेबलावरून उतरून जमिनीवर गेलं तेव्हा सिस्टरांपुढं आठच बटणं राहिली होती.

एकेक बटण सगळ्यांनी टाकलं. पानं आली. सिस्टरांनी आपली बघितली आणि उरलेली सातही सरळ आत सारली. मास्तर बाहेर, वहिनी बाहेर.

किल्लीवाल्याच्या हातात एक्का आणि राणी. त्यानं सिस्टरांकडे बघितलं. ही बटणं गेली की त्या रिकाम्या. आतला जुना किल्लीवाला म्हणत होता, जाऊ दे, बाईमाणूस आहे, आज शेवटचा दिवस असेल. नव्यानं त्याला कोपरानं ढोसलं. सात बटणं मोजून त्यानं आत ठेवली.

"दाखवा," सिस्टर म्हणाल्या.

त्यांच्याकडे दश्शीची जोडी. पहिली तीन पानं, सत्ती, दुर्री, गुलाम. किल्लीवाल्याला काही नाही. चौथं, आणखी एक दुर्री. काही नाही. वहिनींनी शेवटचं पान हातात धरून ठेवलं.

"अगं, उघड की," मास्तर म्हणाला.

"घाई काय आहे," वहिनी म्हणाल्या, आणि उघडलं. किलवरची राणी.

सिस्टर एक्का-राणीकडे बघत राहिल्या. मग टेबलावरच्या राणीकडे. "गेला," त्या म्हणाल्या, आणि यावेळी त्यांच्या ओठाचा एक कोपरा वर गेला. उठल्या, बाह्या परत दुमडल्या. "चहा माझा."

दुकानाच्या मागं पडद्याआड एक ओटा होता. एका बाजूला ट्रायलचा आरसा, दुसऱ्या बाजूला गॅस. किल्लीवाला थोडा वेळ खुर्चीत चुळबुळला. वहिनींनी टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला, तसा उठला.

सिस्टर पातेल्यात पाणी मोजत होत्या.

"मघाशी दोन राजे होते माझ्याकडे," तो पडद्याशी उभा राहून म्हणाला.

"आणि तिसरा टेबलावर."

"हो."

"माझ्याकडे एक्का-राणी होती. तुम्ही डावात राहिला असतात तर मी हरले असते."

"साफ."

"मग का टाकलीत?"

"तुम्ही जाऊ नये म्हणून."

सिस्टरांनी गॅस बारीक केला. "मला जिंकू दिलं की मी जाणार नाही, हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

पलीकडं मास्तरची खुर्ची करकरली. "मास्तरनं," किल्लीवाला म्हणाला.

"तरीच."

पडद्यापलीकडून वहिनींचा आवाज आला. "अहो, तुम्ही कॅरममध्ये मुद्दाम हरायचात?"

"मग काय तर," मास्तर म्हणाला, पण जोर नव्हता.

"काढा कॅरम. आत्ता काढा."

किल्लीवाल्याला त्या आवाजाचा आधार वाटला. तो आत आला. आरशात त्याला स्वतःचं तोंड दिसलं, त्यानं तिकडं पाठ केली. "सिस्टर, मला थापा मारता येतात. खरं बोलायचा सराव नाही. तुम्ही गेलात तर गुरुवारचं काय करायचं ते मला कळत नाही. बाकीचे दिवसही गुरुवारच्या आधीचे आणि नंतरचे असेच असतात माझे. तर माझ्याकडे राहायला या. हातात फार मोठी पानं आहेत असं नाही. गुडघा दुखतो. घोरतो. पण आहेत ती उघडून ठेवलीत."

"एकदम आठही लावलीत?"

"तुम्हीच म्हणालात. पहिल्या दोन पानांत ठरवायचं."

सिस्टर पातेल्यात वाकून बघायला लागल्या. चहात बघण्यासारखं काही नव्हतं, अजून रंगही आला नव्हता.

"मी सगळं उचलून येणार नाही," त्या म्हणाल्या. "माझी खोली माझ्याकडे राहील. थोडी बटणं घेऊन बसेन. सकाळचा चहा तुमच्याकडे, रात्रीचं जेवण माझ्याकडे, मग बघू. भांडण झालं तर एका दिवसाच्या वर अबोला नाही. दिवस संपला की पानं उघडायची."

"चालेल."

"माझ्या हातून कप फुटला तर म्हणायचं, तुमच्या हातून फुटला. जाऊ दे, जुनाच होता, असलं काही म्हणायचं नाही."

"नाही म्हणणार."

"आणि खोटं बोललात की मला कळतं. तुमची मिशी आता हलते."

त्यानं मिशीवर हात ठेवला. तेवढ्यात बाहेर टेबलावर फोन वाजला. वहिनी तो घेऊन धावतच आल्या, पडद्यातून हात आत घातला आणि हात तिथंच राहू दिला, म्हणजे पडदा उघडा राहावा.

"हां ताई," सिस्टर म्हणाल्या. "नाही, मी येत नाही. नाही गं, पडले नाही. बरी आहे. ती खोली भाड्यानं दे कुणाला तरी. हो, माणूस आहे. किल्लीवाला. किल्लीवाला, किल्ल्या करतो तो. या वयात म्हणजे? मग कुठल्या वयात?" त्यांनी वर बघितलं. किल्लीवाला हातात गाळणं घेऊन उभा होता, कशासाठी ते त्यालाही माहीत नव्हतं. "पत्ते बरे खेळतो. आज एक डाव चुकला. घे, तूच विचार." आणि फोन त्याच्या हातात दिला.

ताईंचा आवाज म्हातारा होता पण खणखणीत. त्यांनी त्याचं गाव नाही विचारलं, घर नाही विचारलं. "तिच्याशी जपून खेळा हो," त्या म्हणाल्या. "तिला हरणं सोसत नाही. लहानपणी पत्ते मीच शिकवले. हरली की पलंगाखाली जाऊन बसायची. मग मी तिला जिंकूच द्यायची दरवेळी. तिला अजून पत्ता नाही."

"बरं," किल्लीवाला म्हणाला.

"काय म्हणाली ताई?" सिस्टरांनी विचारलं.

त्यानं तोंड स्थिर करून बघितलं. पूर्वी जमायचं. आता जमेना. सिस्टर त्याच्या मिशीकडे बघत होत्या, वहिनींचा हात पडद्यात तसाच होता, आणि मास्तरही वहिनींच्या मागून डोकावत होता.

"म्हणाल्या, लहानपणी त्या तुम्हाला जिंकू द्यायच्या," तो म्हणाला.

सिस्टरांनी फोन त्याच्या हातातून काढून घेतला. "ताई," त्या म्हणाल्या, "कुठले डाव? नाही, नाही, आत्ता सांग. कुठले कुठले?" आणि ओट्याला टेकून उभ्या राहिल्या, लांबचं भांडण करायच्या तयारीनं. किल्लीवाल्यानं चार कप मांडले, चहा गाळला, आणि त्यांचा कप फुंकून न देता, गरमच त्यांच्या हाताशी ठेवला.